गाडीत ओल येतेय? सिलिकॉनची ट्यूब आधी बाजूला ठेवा

दार उघडल्या उघडल्या कुबट वास, सकाळी काचा आतून घामेजलेल्या, आणि मॅट उचलून कार्पेट दाबलं की बोटांच्या फटीतून पाणी वर येतं. यातलं एक जरी होत असेल तरी कुठेतरी गडबड आहे हे नक्की, पण बहुतेक लोक जिथे ओलं दिसतं तिथेच शोधायला लागतात आणि तिथेच फसतात. पाणी आत शिरतं एकीकडून, मग पत्र्याच्या घडीतून, वायरिंगच्या जुडग्यावरून, कार्पेटखालून वाहत वाहत जातं आणि साचतं भलतीकडेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे मी स्वतः करून बसलोय म्हणून सांगतोय. माझ्या गाडीत मागच्या डाव्या सीटसमोर पाणी साचायचं. मी आधी मागच्या दाराचं रबर बदललं. मग मागच्या काचेच्या कडेनं सिलिकॉन फासलं, तेही इतकं गबाळं की लांबून दिसतं. मग टेल लॅम्प काढून परत बसवला. पाऊस पडला की डबकं आहेच. शेवटी वैतागून कार्पेटच उचललं तेव्हा कळलं की ओघळ पुढच्या दाराकडून येतोय, आणि पुढच्या दारात दोन महिने आधी मीच नवा स्पीकर बसवला होता, आतलं प्लास्टिक ब्लेडनं टरकावून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं, वर चोर पण मीच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कधी ओलं होतं ते बघायचं, मग कसलं पाणी आहे ते, मग खालून उघडून ओघळाचा माग काढायचा आणि सगळ्यात शेवटी पाइप हातात घेऊन बाहेरून पाणी मारायचं. उलट्या क्रमानं गेलात तर रविवार जातो आणि हाती काही लागत नाही.

कधी ओलं होतं?

चार-पाच दिवस नुसतं लक्ष ठेवा, मोबाइलमध्ये लिहून ठेवलंत तर उत्तम. गाडी एका जागी उभी, रात्रभर पाऊस, आणि सकाळी आत पाणी, तर संशय वरच्या गोष्टींवर: छत, सनरूफ, पुढची काच, वायपरखालची खोबण, दारं. उभ्या गाडीत काही होत नाही पण पावसात चालवून आलं की ओलं, तर चाकानं उडवलेलं पाणी खालून येतंय, म्हणजे फ्लोअरची रबरी बुचं, मडगार्डच्या आतला भाग, फायरवॉलमधली (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातली) भोकं. पाऊस नाही काही नाही, रणरणतं ऊन आहे आणि तरी पायाशी ओलं, तर एसीचं पाणी. थंडीत हीटर लावल्यावर काचेवर चिकट धुकं येतं आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, लेव्हल उतरतेय, तर हीटर कोर (डॅशबोर्डमधला हवा गरम करणारा भाग). आणि फक्त प्रेशर वॉशरनं धुतल्यावरच थेंबभर पाणी येत असेल, पावसात कधीच नाही, तर माझ्या मते फार डोकं लावू नका, दाराच्या रबरावर एकदम जवळून जोरात फवारा मारला की चांगल्या गाडीतही पाणी शिरू शकतं.

अजून एक बारीक गोष्ट, गाडी कुठल्या उतारावर उभी असते ते बघा. नाक वर करून उभी केली की कोरडी आणि नाक खाली केलं की ओली, असं होत असेल तर तेवढ्यावरून अर्धा शोध लागतो, कारण ड्रेनची, म्हणजे पाणी बाहेर काढायची, भोकं आणि खोबणी उतारानुसार काम करतात किंवा करत नाहीत. मुद्दाम दोन दिवस उलटी उभी करून बघायला काय जातंय.

कसलं पाणी आहे?

पांढरा टिश्यू पेपर घ्या, ओल्या जागी दाबा आणि उजेडात बघा. स्वच्छ, वास नाही, थोड्या वेळात टिश्यू वाळून पहिल्यासारखा झाला तर एसीचं पाणी किंवा ताजं पावसाचं. मातकट, बारीक कचरा, पानांचा भुगा असलेलं असेल तर बाहेरून आलंय. आणि हिरवट, गुलाबी, निळसर असा काही रंग दिसला, बोटांना बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला आणि टिश्यू वाळता वाळेना, तर ते कूलंट आहे. कूलंट चाखून बघायचा प्रश्नच नाही, बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्याकडे ओढली जातात. तेव्हा असं काही सांडलेलं दिसलं तर आधी पुसून घ्या, हात धुवा.

कुबट वास येतो म्हणजे लगेच गळती असंही नाही. एसीच्या आतला कॉइल कायम ओला राहतो, त्यावर बुरशी धरते आणि ब्लोअर चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं वास येतो मग जातो. असा वास असेल आणि कार्पेट खालीवर दोन्हीकडून कोरडं असेल, तर ते एसी साफ करण्याचं काम आहे, पाणी शोधण्याचं नाही.

कार्पेट उचला, नुसतं चाचपू नका

हे लोक टाळतात कारण कंटाळवाणं आहे. पण कार्पेटच्या खाली फोम किंवा जाड नमद्यासारखा थर असतो आणि तो स्पंजसारखं काम करतो. वरून कार्पेट वाळलेलं लागतं आणि खाली दोन-तीन लिटर पाणी मुरलेलं असू शकतं, खोटं वाटेल पण पिळायला घेतलं की कळतं.

आधी मॅट काढा. मग दाराच्या चौकटीवरची प्लास्टिकची पट्टी, आपण पाय ठेवून चढतो ती, वर ओढली की बहुतेक गाड्यांमध्ये क्लिपमधून सुटते. प्लास्टिकचा पातळ उलथनीसारखा तुकडा वापरा, स्क्रूड्रायव्हरनं ओरबाडू नका. कडेनं कार्पेट सुटलं की हात आत घालून चाचपा, पुढून मागे, आणि कुठे जास्त ओलं, कुठे नुसतं दमट, कुठे ठणठणीत कोरडं हे बघा. सीट काढायची वेळ आली तर एक काळजी: सीटखाली एअरबॅगची आणि बेल्टची वायरिंग असते, तिचे कनेक्टर बऱ्याचदा पिवळे असतात. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच हात लावा. इग्निशन चालू असताना तो कनेक्टर ओढला तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली तर तिकडे जायचंच नाही, ते काम माहितगाराचं.

पत्रा उघडा पडला की टॉर्च तिरका धरून बघा. सरळ उजेड मारला तर काही दिसत नाही, तिरका धरला की पाण्याचे जुने ओघळ, धुळीच्या रेषा, पांढुरके डाग, गंजाची सुरुवात सगळं उठून दिसतं. रेष जिकडून येते तिकडे वर वर जात राहायचं. बोल्टच्या डोक्यावर गंज असेल तर ही गळती आजची नाही, जुनी आहे.

आणि एक युक्ती मला जाम आवडते: सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकापर्यंत. रोजच्या वापरात न येणारा जो शेवटचा हातभर भाग असतो त्यावर ओल, काळे ठिपके किंवा पाण्याची कड दिसली तर पाणी मधल्या खांबातून खाली येतंय, म्हणजे मूळ छतावर आहे, दारात नाही. दहा सेकंदांची तपासणी आहे.

आता एकेक संशयित

एसीपासून सुरू करतो कारण तपासायला सगळ्यात सोपा. एसी हवेतली वाफ थंड कॉइलवर पकडतो, तिचं पाणी होतं आणि ते एका बारीक रबरी नळीतून गाडीखाली गळतं. दमट दिवशी एसी लावून गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की खाली थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. पडत नसेल आणि आत पुढच्या सीटच्या पायाशी ओलं असेल, वळण घेताना डॅशबोर्डमधून डुबुक डुबुक आवाज येत असेल, तर नळी तुंबलीय. धूळ, किडे, कधी मातीनं घर केलेलं असतं. नळीचं तोंड खालून, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याजवळ सापडतं. ते बोटानं चिमटून बघा, बऱ्याचदा चिखलाचा बूच असतो आणि तो निघाला की बदाबदा पाणी येतं, तोंड बाजूला ठेवा. आत तार खुपसू नका, कॉइल जवळच असतो आणि ॲल्युमिनियमचा असतो, भोक पडलं तर गॅस गेला. मऊ नायलॉनची दोरी किंवा हलका हवेचा दाब पुरतो. गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर जायचं नाही, स्टँड लावा.

एसीच्याच बाबतीत एक लपलेली गोष्ट म्हणजे केबिनमध्ये शिरणाऱ्या थंड पाइपवर फोमचं वेष्टन असतं, ते कुणी काढून परत लावलं नसेल किंवा कुजून पडलं असेल तर पाइपला घाम येतो आणि तो कार्पेटवर ठिबकतो. ड्रेन साफ करून झाला तरी ओलं राहिलं तर हे बघा.

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर. तो गळला की काचेवर तेलकट थर येतो, पुसला तर अजून पसरतो. कूलंटच्या डब्यावर पेननं खूण करा आणि थंड इंजिनवर रोज एकाच वेळी बघा, चार-पाच दिवसांत उतरली तर शंका पक्की. गरम इंजिनवर झाकण उघडायचं नाही, आत दाब असतो, उकळतं पाणी थेट अंगावर. खात्री करायला गॅरेजमध्ये कूलंटच्या सिस्टीमला दाब देऊन बघतात किंवा अल्ट्राव्हायोलेट दिव्यात चमकणारा रंग टाकतात. कोर बदलायचा म्हणजे बहुतेक गाड्यांमध्ये अर्धा डॅशबोर्ड खाली येतो, हे घरी करायचं काम नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

वायपरखालची खोबण. बॉनेट उघडा, काचेच्या खाली जाळीदार प्लास्टिकची पट्टी दिसेल, तिच्याखाली एक पन्हाळ असते. काचेवरून वाहणारं सगळं पाणी तिथे येतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. झाडाखाली गाडी लावत असाल तर तिथे पानांचा अक्षरशः खतखड्डा झालेला असतो. भोकं बुजली की पाणी चढतं आणि ब्लोअरची हवा जिथून आत येते तिथूनच केबिनमध्ये उतरतं. खूण सोपी आहे, केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढा, तो ओला किंवा सुकून कडक आणि डागाळलेला असेल तर पाणी इथूनच येतंय. पानं हातानं काढा, मग तांब्याभर पाणी ओता आणि ते पुढच्या चाकांच्या मागून भराभर बाहेर पडतंय का बघा. पाण्याच्या जोरानं कचरा खाली ढकलायचा मोह होतो, करू नका, तो भोकात जाऊन घट्ट बसतो.

सनरूफबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं रबर गेलं म्हणून गळतंय. खरं तर सनरूफ मुळात शंभर टक्के पाणीबंद नसतंच, थोडं पाणी आत येणार हे धरूनच त्याच्याभोवती एक पन्हाळ दिलेली असते आणि साधारणपणे तिच्या चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खांबांमधून खाली जातात. नळी तुंबली की पन्हाळ भरून छताच्या कापडात पाणी. सनरूफ उघडून कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूच ओता, दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा. एका कोपऱ्यातलं पाणी तिथेच राहिलं तर तीच नळी. गवत कापायच्या मशीनमध्ये जी नायलॉनची दोरी असते ती आत सरकवून साफ होते. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका, नळी खांबाच्या आत जोडावरून निसटली तर आधी जे थेंब थेंब येत होतं ते धारेनं येईल आणि सगळं छत खाली उतरवावं लागेल.

आता दारं, माझं दुखणं. दाराच्या आत पाणी जाणं हे बिघाड नाही. काच वरखाली होते त्या फटीतून पावसाचं पाणी दारात जातंच, आणि दाराच्या तळाला जी भोकं असतात त्यातून बाहेर पडतं. दाराच्या पत्र्यावर, आतल्या पॅडच्या मागे, प्लास्टिकचा किंवा फोमचा एक पडदा काळ्या चिकट डांबरासारख्या पट्टीनं चिकटवलेला असतो, त्याचं काम एवढंच की हे आतलं पाणी केबिनकडे येऊ न देणं. काच उचलायची मोटर बदलली, स्पीकर बसवला, सेंट्रल लॉक लावलं की हा पडदा उचकटला जातो आणि परत नीट चिकटवायचा कंटाळा येतो. मग पाणी दाराच्या पॅडवरून उंबऱ्यावर, तिथून कार्पेटखाली, आणि मजला मागे उतरता असेल तर मागच्या सीटसमोर डबकं. माझ्या दाराचं पॅड काढलं तेव्हा आतल्या पुठ्ठ्याची खालची कड फुगून पापडासारखी सुटली होती आणि त्या कडेवर, बरोबर स्पीकरच्या खाली, पाण्यानं काढलेली पिवळी रेघ होती. एवढी स्पष्ट खूण माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होती आणि मी मागे टेल लॅम्प उघडत होतो.

दारासाठी दोन गोष्टी करा. तळाची भोकं आगपेटीच्या काडीनं मोकळी करा, दार हलवल्यावर आत पाणी खुळखुळत असेल तर ती नक्की बुजलीत. आणि काचेवर बाहेरून पाणी सोडून पॅडच्या खालच्या कडेला टिश्यू लावून ठेवा, तो भिजला तर पडदा गेला. पडदा चिकटवायला ब्यूटाइलची चिकट पट्टी मिळते तीच लावा, साधी सेलोटेप दारातल्या उन्हा-पावसात टिकत नाही.

दाराच्या रबराची, बिडिंगची, तपासणी कागदानं होते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. जिथे अडखळत निघते तिथे रबर चांगलं दाबतंय, जिथे सरसर निघते तिथे सैल. किंवा रबरावर खडू घासा आणि दार लावून उघडा, चौकटीवर खडूची रेघ सलग उमटायला हवी, जिथे तुटली तिथे फट. रबर लगेच बदलू नका, कधी दार बिजागरीवर लोंबलेलं असतं, कधी रबर नुसतं त्याच्या पत्र्याच्या कडेवरून निसटलेलं असतं, हातानं दाबलं की बसतं.

पुढची काच कधी बदललेली असेल तर तिच्यावर संशय आधी घ्या. काच युरेथेनच्या डिंकानं चिकटते, चौकटीवर गंज किंवा घाण राहिली तर तिथे पकड बसत नाही. छताच्या पुढच्या कडेला किंवा खांबाजवळ ओल दिसते, काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी डॅशबोर्डच्या मागे उतरतं. उपाय एकच, काच काढून नीट परत चिकटवणं. बाहेरून सिलिकॉन फासलं तर दोन पावसाळे निघतीलही, पण नंतर खरं काम करायला घेतलं की त्या सिलिकॉनवर युरेथेन चिकटत नाही आणि काम करणारा तुम्हाला शिव्या घालतो. खांबाचं आवरण उघडताना लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांमध्ये तिथे पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळलेली असते.

डिकीत पाणी असेल तर स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बघा. टेल लॅम्पचं गॅस्केट, डिकीचं रबर, छतावरच्या अँटेनाचं बूड, वरच्या ब्रेक लाइटची कड, आणि बंपरच्या मागे असलेल्या हवा बाहेर जाण्याच्या झडपा, हे नेहमीचे. पिकअप गाड्यांमध्ये मागच्या काचेवरचा तिसरा ब्रेक लाइट हा तर सराईत गुन्हेगार, पाणी मागच्या भिंतीच्या आतून उतरतं आणि सीटच्या मागे साचतं. ट्रकच्या केबिनमध्ये छतावरचे छोटे दिवे, छताची झडप, गिअर लिव्हरचं आणि स्टिअरिंगच्या दांड्याचं रबरी बूट बघा.

खालून येणारं पाणी शोधायला मजल्यावरची गोल रबरी बुचं आणि वायरिंग जिथून केबिनमध्ये शिरतं त्या भोकातलं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, बघा. हॉर्न, अलार्म, जादा दिवे लावताना कुणीतरी ग्रोमेटला भोक पाडून वायर घुसवलेली असते आणि तीच वायर पाण्याला वाट दाखवते. बाहेरच्या बाजूला वायरला खाली झोळ दिला तर पाणी त्या झोळाच्या टोकावरून गळून पडतं, आत येत नाही.

पाइप कसा मारायचा

आता पाइप. आधी गाडी आतून पूर्ण वाळवा, नाहीतर जुनं पाणी कुठलं आणि नवं कुठलं कळणार नाही. सांध्यांच्या खाली टिश्यू किंवा वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवा, उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, तिच्यावर एक थेंब जरी धावला तरी वाट उमटते.

एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. पाण्याला जोर नको, पाइपातून नुसतं वाहू द्या. आणि खालून वर जायचं, हे महत्त्वाचं. आधी मजल्याच्या उंचीला, मग दाराचा खालचा भाग, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच वाहत जातं आणि मग काय कुठून आलं देव जाणे. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटं द्या. गळती हळू असते, आतल्या माणसाला कंटाळा येईल, गप्पा मारत बसा पण घाई करू नका. पहिला थेंब दिसला की लगेच पाणी बंद, आणि तो थेंब जिथून आला तिथे खूण.

पाण्यानं सापडत नसेल तर उलटा प्रयोग. सगळ्या काचा-दारं बंद, ब्लोअर फुल, हवा बाहेरून घेण्याच्या मोडवर. केबिनमध्ये थोडा दाब तयार होतो. बंपरमागच्या झडपा टेपनं तात्पुरत्या बंद केल्या तर अजून चांगला. मग बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, जिथे बुडबुडे फुगतात तिथे भोक. हे काचेच्या कडेला फार छान कळतं. टेप नंतर काढायची विसरू नका.

काहीच गळत नाही, तरी काचा धुरकट

असंही होतं. २५ अंशांना एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते, १० अंशांना साडेनऊच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी उबदार दमट हवा बंद करून गाडी लावली आणि रात्री थंडी पडली की जादाचं पाणी काचेवर बसणारच. त्यात ओली छत्री, भिजलेले बूट, ओला टॉवेल डिकीत, आणि माणसांचा श्वास. वर एसीचं बटण कायम आतलीच हवा फिरवण्यावर ठेवलेलं, केबिन फिल्टर धुळीनं बुजलेला, मग वाफ जाणार कुठे?

बाहेरची हवा घ्या, एसी चालू ठेवून तापमान गरम करा, एसी हवा कोरडी करतो आणि गरम हवा काच. दोन-तीन दिवस असं चालवून काचा स्वच्छ राहिल्या तर गळती नव्हतीच. आणि धुकं काचेच्या बाहेरून असेल, वायपर मारला की जात असेल, तर ते एसीनं काच थंड झाल्यामुळे, त्याचा आतल्या ओलीशी संबंध नाही.

वाळवणं आणि परत बसवणं

मूळ सापडलं की ओल लगेच काढा, ओल्या कापडावर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं जेवढं निघेल तेवढं काढा, फोम शक्य असेल तर बाहेर काढून उन्हात, नसेल तर कार्पेट खाली काहीतरी टेकू देऊन उचललेलं ठेवा आणि पंखा लावा. खायचा सोडा, सुगंधी डब्या वगैरे वास झाकतात, पाणी काढत नाहीत. पायाशी किंवा सीटखाली कंट्रोल युनिट, फ्यूज बॉक्स असेल आणि तो भिजला असेल, सेंट्रल लॉक आपोआप उघडझाप करत असेल, भलतेच दिवे लागत असतील, तर बॅटरी सोडवा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा, वाळल्यावर ठीक होईल म्हणून बसू नका, कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढतो.

दुरुस्ती झाली की कार्पेट लगेच क्लिपमध्ये बसवायची घाई नको. खाली वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा, प्रत्येकावर जागा लिहा, पुढे डावा, मागे डावा असं, आणि दोन-तीन चांगले पाऊस जाऊ द्या. माझे कागद पहिल्या पावसानंतर एका कोपऱ्यात थोडे लाटलेले निघाले, दाराच्या पडद्याची खालची पट्टी नीट दाबली गेली नव्हती, ती परत गरम करून दाबली. तिसऱ्या पावसानंतर सगळे कोरडे, मग कार्पेट बसवलं. मागच्या काचेवरचं सिलिकॉन मात्र अजून निघालेलं नाही, नखानं खरवडतो अधूनमधून.